राखणीची शिट्टी

मुलांनो, जरा डोळे मिटा. मिटले? आता डोळ्यांपुढं एक डोंगर उभा करा. फार उंच नको. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या शिवेवर आहेत तसा एक. वर सपाट पठार, कडेला काळा कातळ, आणि मधोमध वरून खाली चिरत आलेली घळ. त्या घळीचं नाव मोरदरा. डोंगराच्या पायथ्याशी वीस घरांची वाडी वसवा. वाडी आणि डोंगर यांच्यामध्ये उसाची शेतं. आता त्यातल्या एका शेतातला ऊस तोडून न्या, पारगावच्या कारखान्याला गेला असं समजा. मागं काय उरलं? पाचट. उसाची वाळलेली पानं, गुडघाभर, पापडासारखी कुरकुरीत. फाल्गुनातली दुपार आहे आणि वारं खालून वर, डोंगराकडं वाहतंय.

त्या पाचटाच्या कडेला एक माणूस उभा करा. त्याच्या हातात काडेपेटी द्या.

आता डोळे उघडा. पुढचं तुम्ही कल्पून बघायची गरज नाही, कारण ते तेजस्विनीनं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती सहावीत होती. आणि काडेपेटी हातात घेतलेला तो माणूस तिचा बाप होता, सुभाष.

तो डोंगर पूर्वी दरवर्षी जळायचा. गवत जाळलं की पुढच्या पावसात हिरवंगार फुटतं, असं जुनी माणसं सांगायची, म्हणून कुणीतरी काडी टाकायचं. कुणी टाकली हे कुणी विचारत नसे. डोंगर काळाठिक्कर पडायचा, पावसात माती वाहून यायची, ससे आणि साळिंदरं खाली उसात उतरायची आणि त्यांच्यामागं बिबट्या. मग वाडी बिबट्याच्या नावानं बोटं मोडायची.

पाच वर्षांपूर्वी तेजस्विनीच्या आजोबांनी, भिमाजींनी, हे थांबवलं. त्यांनी भाषण केलं नाही. आपली माणसं त्यांना ठाऊक होती. इथला माणूस लग्नाचा मुहूर्त चुकवील, पण विहिरीच्या पाण्याची पाळी चुकवणार नाही. वाडीची सामाईक विहीर एक, हिस्से वीस. आज ज्याच्या घरी पाण्याची पाळी, त्याच्याकडं मोटारीच्या खोलीची किल्ली. भिमाजींनी त्या किल्लीच्याच दोऱ्यात एक पितळी शिट्टी ओवली आणि म्हणाले, "ज्याचं पाणी, त्याची राखण. पाणी पायजे आसंल तर त्या दिवशी डोंगर बी सांभाळायचा."

नियम दोनच केले. धूर दिसला की शिट्टीवाल्यानं पहिली शिट्टी मारायची, आणि ती ऐकली की हातातला घास टाकून प्रत्येक घरानं निघायचं, तो जाईल त्याच्या मागं. आगीच्या जागी पोचला की त्यानं उभं राहून दुसरी मारायची. पाचटाचाही नियम त्यातच आला. जाळायचंच असेल तर डोंगराच्या बाजूनं दहा फूट पट्टा साफ करायचा आणि शिट्टीवाला समोर उभा करायचा, त्याशिवाय काडी लावायची नाही.

पाच वर्षं डोंगर जळला नाही. गवत कमरेएवढं झालं. करवंदीच्या जाळ्या वाढल्या. मोरदऱ्यातला झरा चैत्रापर्यंत टिकू लागला. आणि मागच्या थंडीत तिथल्या कपारीत तरस येऊन राहिलं.

वाडीला आधी ते आवडलं नाही. सावळेराम म्हणून एक जण होता, ज्याला प्रत्येक गोष्टीवर मत असे. तो म्हणाला, "तरस म्हंजी अवदसा. दिसाया बी कसं, पाठीत काठी घातल्यागत."

"तुझ्या मेलेल्या म्हशीची हाडं कुणी साफ केली गेल्या साली?" भिमाजी म्हणाले. "तू तर नाक दाबून पळालास. देखणं जनावर न्हाई ते, कामाचं हाय."

एका संध्याकाळी भिमाजींनी नातीला पलीकडच्या कातळावर नेलं, पोटावर झोपायला सांगितलं आणि बोट दाखवलं. कपारीपुढं दोन पिल्लं होती. अंगावर पट्टे, कान डोक्यापेक्षा मोठे. एक दुसऱ्याचं शेपूट ओढत होतं. आई आडवी पडून हे सगळं सोसत होती, जशी दमलेली आई सोसते. तेजस्विनीला हसू आलं, तर आजोबांनी तिच्या तोंडावर हात ठेवला. पण ते स्वतःही हसत होते.

आता त्या दुपारकडं येऊ.

त्या दिवशी पाण्याची पाळी सुभाषकडं होती. म्हणजे किल्ली त्यांच्याकडं आणि शिट्टीही त्यांच्याकडं. भिमाजी डोळे तपासायला वारूळवाडीला गेले होते. शाळेला सुट्टी होती, म्हणून तेजस्विनी बापाबरोबर शेतात होती.

"पप्पा, पट्टा न काढता पेटवायचं नाही ना?"

"उद्या सकाळी राजुरीवरनं रोटाव्हेटर यायचाय. पट्टा काढत बसलो तर दोन दिवस जातील, आन् तो परत आठ दिवस मिळायचा न्हाई."

"पण शिट्टीवाला समोर पाहिजे."

सुभाष हसला. "आज शिट्टीवाला कोण हाय? मीच की. मग हाय की मी समोर."

हीच ती चूक. दुसऱ्या कुठल्याही दिवशी त्याची हिंमत झाली नसती. कुणीतरी शिट्टी वाजवली असती आणि वीस घरं येऊन त्याच्या डोक्यावर उभी राहिली असती. पण ज्या दिवशी राखण आपलीच असते, त्या दिवशी आपल्याला विचारणारं कुणी नसतं.

पाचट एकदम पेटलं. सुभाषला वाटलं होतं ते गुमान कडेकडेनं जळत जाईल. पण वाऱ्यानं ते उचललं. जळती पानं पाखरांसारखी उडाली, बांध ओलांडून गेली आणि डोंगराच्या वाळक्या गवतावर जाऊन बसली.

तेजस्विनी मोटारीच्या खोलीकडं धावली. खिळ्याला टांगलेली शिट्टी काढली, दातांत धरली.

"वाजवू नकोस," बाप ओरडला. तो निरगुडीचा फोक घेऊन बांधावर झोडपत होता. "आत्ता विझतंय. वाडी गोळा झाली तर आपल्याच नावानं बोंब व्हईल."

तिनं शिट्टी तोंडातून काढली.

हे लक्षात ठेवा, कारण तिच्या लक्षात ते कायमचं राहिलं. तिनं काढली. बापानं सांगितलं म्हणून काढली. तेवढ्या वेळात आग बांधावरून मोरदऱ्याच्या तोंडाशी गेली. घळ म्हणजे धुराड्यासारखी असते. खालून आत शिरलेली आग वरपर्यंत कुठं थांबत नाही.

वाडीनं धूर पाहिला तो आपापल्या दारातून, शिट्टीशिवाय, अर्ध्या तासानं. बाया ओली पोती घेऊन धावल्या, बाप्ये झाडांचे डहाळे मोडून धावले. आणि डोंगराच्या वरच्या बाजूनं, पठारावरून, एक माणूस एकटाच खाली उतरत आला. तो गेणभाऊ धनगर. दरवर्षी पारनेरकडून मेंढ्या घेऊन यायचा, पठारावर तळ टाकायचा. त्यानं अंगावरची घोंगडी झऱ्यात बुडवली आणि तिनं आग बडवत सुटला. दिवस मावळेपर्यंत बडवत होता. शेवटी आग कातळाला अडून थांबली तेव्हा त्याच्या घोंगडीची नुसती काळी जाळी झाली होती आणि दोन्ही हातांवर फोड आले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिमाजी एकटेच मोरदऱ्यात गेले. परत आले तेव्हा त्यांच्या वहाणा राखेनं भरल्या होत्या. ते ओट्यावर बसले. तेजस्विनीला त्यांनीच सांगितलं.

"दोनी पिल्लं कपारीतच हायेत. भाजल्याली न्हाईत. धुरानं गेली. आई भोवती फिरून गेलीया, राखंत पावलं हायेत तिची. लई येळा फिरलीया."

त्याच सकाळी सुभाषच्या शेतात रोटाव्हेटर फिरला. काळी राख खाली गेली आणि तांबूस माती वर आली. रस्त्यावरून पाहिलं तर तिथं कधी काही जळलं होतं असं कुणी म्हटलं नसतं.

आणि डेअरीवर दूध घालायला आलेली माणसं बोलू लागली की आग धनगरानं लावली.

पहिल्यांदा कोण बोललं, कुणालाच सांगता आलं नसतं. अशी वाक्यं कुणाच्या तोंडातून निघत नाहीत, ती किटल्यांच्या रांगेत आपोआप उगवतात. त्याला कोवळं गवत पाहिजे असेल. धनगरच जाळतात डोंगर, माहितीये सगळ्यांना. आणि पुरावा? पुरावा तर डोळ्यांपुढं होता. त्याची घोंगडी जळलेली, हात भाजलेले. सावळेराम म्हणाला, "आग लावल्याबिगर हात भाजत्यात व्हय?"

जो विझवायला धावला, त्याच्या फोडांवर बोट ठेवून त्यालाच चोर ठरवलं. तुम्हाला राग आला का? येऊ द्या. प्रत्येक राग गिळायचा नसतो. कुठला गिळायचा आणि कुठला नाही, एवढं मात्र शिकावं लागतं.

तेजस्विनीला ते शिकवायला कुणी नव्हतं. तिनं बापाला गोठ्यात गाठलं.

"पप्पा, तुम्ही सांगा ना त्यांना."

"मी कुठं गेणभाऊचं नाव घेतलं?"

"पण तुम्ही 'नाही' असंही म्हणाला नाहीत."

सुभाषनं वैरणीची पेंढी खाली ठेवली. तो वाईट माणूस नव्हता. पिल्लांचं कळल्यापासून त्याला घास गिळवत नव्हता. पण भ्यायलेला होता, आणि भ्यायलेल्या माणसाला कारणं फार चांगली सुचतात.

"नीट आयक. ही राखण आबांनी उभी केलीय. त्यांच्याच पोरानं डोंगर जाळला, तेबी स्वतःच्या पाळीला, हे कळलं तर उद्या कोण शिट्टी हातात घेईल? लोक म्हनतील, भिमाजीच्या घरचेच पाळत न्हाईत, आपन कशाला? पाच वर्षांचं सगळं एका दिवसात मोडंल. तुला डोंगर पायजे ना? मग घरातलं घरात ऱ्हाऊ दे."

"आणि गेणबाबा?"

"त्यो आज हितं, उद्या तिथं. त्याला काय, दुसरा डोंगर घावंल."

बापाचं म्हणणं खोटं आहे हे तेजस्विनीला कळत होतं, पण कुठं खोटं आहे ते सापडत नव्हतं. आणि ते सापडत नाही याचाच तिला जास्त राग येत होता.

रविवारी सकाळी भैरवनाथाच्या मंडपात वाडी बसली. पोरंटोरं कडेला खांबांपाशी. निघताना तेजस्विनीनं घरातल्या खिळ्यावरचा दोरा काढून गळ्यात घातला आणि झग्याच्या आत सोडला. आगीचा निवाडा होईपर्यंत वाडीनं पाळी थांबवली होती, किल्ली त्यांच्याच घरी होती. तिची आई वृषाली भाकरी थापत होती. तिनं पाहिलं. क्षणभर तिचा हात परातीतच राहिला. मग ती म्हणाली, "केस विंचरून जा. चार माणसांत जायचंय," आणि पुन्हा तव्याकडं वळली.

गेणभाऊला मंडपात बसायला कुणी सांगितलं नव्हतं. तो पायरीखाली उभा होता, हातांना फडकी बांधलेली. शेजारी त्याची बायको साळुबाई, पदरात एक ओलं कोकरू घेऊन. मेंढ्या विणायचे दिवस होते.

"ठरवायचं एवढंच हाय," सावळेराम म्हणाला. "आजपासनं ह्यांच्या मेंढ्या डोंगरावर न्हाईत, आन् वाडीतल्या कुठल्या शेतात बसवायच्या न्हाईत. आज दुपारपातूर तळ उठला पायजे."

"आज कसा उठंल, भाऊ?" गेणभाऊ म्हणाला. "वीस मेंढ्या इणायच्या हायेत. वाटंत पानी न्हाई. चार दिसांची कोकरं चालत्याली का?"

"जाळायच्या आधी इचार करायचा."

"मी जाळलं न्हाई. जाळणारा इझवाया येतो व्हय?"

"मंग हात कशानं भाजले?"

मंडपात कुणीतरी हसलं. साळुबाई एक पायरी वर चढली.

"हसा. दिवाळीपासनं तुमच्यातली चार घरं निरोप धाडतात, साळुबाई, मेंढ्या आधी आमच्या वावरात बसवा, लेंडीखत आमाला द्या. सावळेरामभाऊ, सगळ्यांत आधी तुमचाच फोन व्हता. तवा आमी लई गोड. आन् आता?"

सावळेराम दुसरीकडं पाहू लागला.

भिमाजी खांबाला टेकून बसले होते. त्यांनी हळूच विचारलं, "त्या दुपारी वारं कुठलं व्हतं?"

वारं कुठलं होतं हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. ज्यानं जन्मभर धान्य उफणलंय त्याला काय सांगायचं? दुपारी वारं खालून वर चढतं, सांज झाली की वरून खाली उतरतं. गेणभाऊचा तळ वर होता. आणि मंडपातून मान वर केली तर सगळा डोंगर दिसत होता. खाली काळा, कातळापर्यंत काळा, आणि कातळाच्या वर, गेणभाऊच्या तळाभोवती, गवत होतं तसं पिवळंधमक. त्याला आगीचा स्पर्शही नव्हता. आग खालून लागली हे वाचायला शाळेत जावं लागत नाही.

वाडीला ते वाचता येत होतं. पण वाचलं तर पुढचा प्रश्न विचारावा लागला असता. खालून म्हणजे कुणाच्या शेतातून? विहिरीत ज्याचा हिस्सा नाही, पाळीच्या यादीत ज्याचं घर नाही, त्याच्यावर ढकललं की पुढचा प्रश्नच उरत नाही.

"वाऱ्याचं काय घेऊन बसला, भिमाजीअण्णा," सावळेराम म्हणाला.

भिमाजींनी मंडपावरून नजर फिरवली. एकेका तोंडावरून. आणि ती नजर सुभाषवर येऊन थांबली. सुभाष पायाच्या अंगठ्याकडं पाहत होता. भिमाजींचं तोंड पुढचं काही बोलण्यासाठी उघडलं होतं, ते मिटलं. त्यांनी मान खाली घातली.

तेजस्विनीनं हे पाहिलं. खालमानेनं बसलेल्या सगळ्या माणसांचा तिला राग होताच. पण आबांची मान खाली गेली तेव्हा तिचा हात झग्यातल्या शिट्टीवर गेला. आणि त्याच क्षणी बापाच्या बोलण्यातलं खोटं तिला सापडलं. राखण मोडंल, असं तो म्हणाला होता. पण राखण मोडून गेली होती. ती इथं, या मंडपात, सगळ्यांच्या देखत मोडत होती.

"चला, हात वर करा," सावळेराम म्हणाला.

हात वर होऊ लागले. एक, दोन, पाच. सुभाषनं आजूबाजूला पाहिलं. मग त्याचा हात उठला, खांद्यापर्यंत.

तेजस्विनीनं झग्यातून दोरा बाहेर ओढला आणि शिट्टी वाजवली.

मंडपात ती इतकी मोठ्यानं घुमली की साळुबाईच्या पदरातलं कोकरू दचकून ओरडलं. वर झालेले हात खाली आले. आणि कुणी काही विचारण्याआधीच माणसं उठून उभी राहिली. पाच वर्षांची सवय होती ती. शिट्टी वाजली की आधी उठायचं, विचारायचं मग. दोघातिघांनी तर डोंगराकडं पाहून धूर शोधला.

धूर नव्हता. तेजस्विनी खांबापासून निघाली, गेणभाऊच्या शेजारून पायऱ्या उतरली आणि चालू लागली.

"पोरगी येडी झाली काय?" मागं कुणीतरी म्हणालं.

"नियम हाय," दुसरं कुणीतरी म्हणालं. आणि वाडी तिच्या मागून निघाली. डेअरीवरून, विहिरीवरून, मोटारीच्या खोलीवरून. विहिरीपाशी सुभाषनं तिला गाठलं.

"तेजू, घरी चल." त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. "आपन बोलू घरी. माझं आयक."

ती थांबली नाही. त्यानं तिचा दंड धरला.

"सुभाष." भिमाजींचा आवाज होता. ते काठी टेकत मागून येत होते, धापा टाकत. "तिला सोड. शिट्टी तिच्याकडं हाय."

दंडावरची पकड सुटली.

सुभाषचं शेत नांगरल्यासारखं तांबूस दिसत होतं. तेजस्विनी ढेकळांतून सरळ वर चालत गेली, डोंगराकडच्या कोपऱ्यापर्यंत. तिथं बांध वळतो, म्हणून रोटाव्हेटरला वळता आलं नव्हतं. चार हात जागा तशीच राहिली होती. काळी. अर्धवट जळलेलं पाचट, बांधावरचं जळकं गवत, आणि तिथून वर, कुठंही न तुटता, मोरदऱ्याच्या तोंडापर्यंत गेलेला काळा पट्टा.

माणसं शेतात उभी राहिली. कुणी कुणाकडं पाहत नव्हतं. सर्वांच्या मागं गेणभाऊ आला, हात छातीशी धरून. सुभाष मधोमध एका ढेकळावर मटकन बसला.

तेजस्विनी त्या काळ्या कोपऱ्यावर चढली आणि वाडीकडं तोंड करून उभी राहिली. मग तिनं आगीच्या जागी मारायची ती दुसरी शिट्टी वाजवली, जी त्या दुपारी वाजलीच नव्हती. छातीतला दम संपेपर्यंत वाजवली. दम घेतला आणि पुन्हा वाजवली.